डोळा लागलेल्या मुलीची गोष्ट

शेळगाव, ता. इंदापूर
१२ नोव्हेंबर १९९५

चि. हिंदुराव यास रामहरीचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे. पण ते खोटं होईल, म्हणून लिहीत नाही.

तू पाडव्याला दिवाळी अंक पाठवलास. आत तुझी गोष्ट आणि वर तुझ्या अक्षरात 'आईस'. आईला कुठं वाचता येतं? प्रतिक्षानं ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवली. पोरगी सातवीत आहे, वाचते स्पष्ट. गोष्टीतली मुलगी मेंढरं राखताना झाडाखाली झोपते. दुष्काळात खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत कळप शिरतो, कोवळ्या पानातल्या विषाची किराळ लागते, आणि एकतीस मेंढरं जागेवर पाय झाडून मरतात. त्या घराचा मेंढरांचा धंदा कायमचा उठतो. मी दावं वळत बसलो होतो, ते हातातच राहिलं. ही आपलीच बहीण, नकोशी. सन बहात्तर.

तू तिचं नाव बदललंस, गाव बदललंस, तात्यांना झुपकेदार मिशा दिल्यास. पण मेंढरांच्या डाव्या कानाची दुहेरी खाच तशीच ठेवलीस. मास्तर होऊन इतकं विसरलास? आपल्या लोकांत आधी मेंढराचा कान ओळखतात, मग माणूस. कन्हेरीतल्या एका म्हाताऱ्याला त्याच्या नातवानं ही गोष्ट वाचून दाखवली. म्हातारा तात्यांना ओळखणारा, म्हणाला, ही खाच दत्तोबाची, आणि दत्तोबाची लेक तर आपल्याच गावात दिलेली हाय. झालं. मेंढरं दुष्काळानं मेली, एवढंच आपण तिच्या सासरी सांगितलं होतं. तेवीस वर्षं ते झाकलेलं राहिलं. आता तिची सून रतन शेरडं सोडताना म्हणते, आत्याबाई तुमी ऱ्हाऊ द्या, तुमचा डोळा लागायचा.

गुरुवारच्या एसटीनं नकोशी पिशवी घेऊन इथं आली. आणि आईनं काय करावं? नकोशीनं घर बुडवलं, हे तिचं बोलणं गेली पाच-सहा वर्षं बंद झालं होतं. आता म्हणते, छापून आलंय म्हंजी मी बोलत हुते ते खोटं न्हवतं. नकोशीनं पुढं केलेला चहा तिनं तसाच खाली ठेवला.

या गोष्टीला बक्षीस मिळणार आणि ती पुस्तकातही येणार, असं ऐकतो. बक्षीस घेऊ नकोस आणि पुस्तकातून ती काढ. थोरला भाऊ म्हणून सांगतो आहे.

सौ. मनिषास आशीर्वाद. तिचा यात काही दोष नाही.

तुझा,
रामहरी

बारामती
२० नोव्हेंबर १९९५

तीर्थरूप आबा यांस,
हिंदुरावचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोहोचलं. तीनदा वाचलं. तुमचा राग मला कळतो. पण आता माझंही ऐका.

खाच राहून गेली, ही माझी चूक. ती कबूल. पण बाकी कशाची माफी मागू? त्या मुलीला मी कुठं दोष दिला आहे? दिवसभर उपाशी राबून तिचा डोळा लागतो, आणि सगळं घर तिच्यावर तुटून पडतं. वाचणारा माणूस घराच्या बाजूनं उभा राहत नाही, तिच्या बाजूनं उभा राहतो. मला सत्तावीस पत्रं आली. अकलूजच्या एका बाईंनी लिहिलं की गोष्ट वाचल्यावर त्यांनी आपल्या मोलकरणीवर ओरडणं बंद केलं. कीर्तनानं हे होतं का, ते तुम्हीच सांगा.

रतन वाईट बोलली, तर तो रतनचा स्वभाव. आई तर पहिल्यापासून तशीच. त्यांचं माप माझ्या पदरात कशाला घालता? साहित्य म्हणजे गावकीची बैठक नव्हे, की ज्याचं त्याला विचारून ठराव करावा. ज्याच्याविषयी लिहायचं त्याची परवानगी काढत बसलो, तर जगात एकही खरी गोष्ट लिहून होणार नाही. खरं सांगणं हाच लेखकाचा धर्म आहे. तुम्ही बिरोबाचा भंडारा लावता, मी हा पाळतो.

बक्षीस समारंभ रविवारी, ७ जानेवारीला इथंच आहे. बक्षीस मी घेणार. तुम्ही आलात, अक्काला घेऊन आलात, तर मला आनंद होईल. तिथं किती लोक तिच्यासाठी हळहळतात, ते तिनं एकदा डोळ्यांनी बघावं.

आईला नमस्कार. राग ठेवा, पण माया तोडू नका.

आपला,
हिंदुराव

शेळगाव
२७ नोव्हेंबर १९९५

चि. हिंदुराव यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर बसून वाचलं. घरात वाचलं असतं तर फाडलं असतं.

परवानगीचं म्हणतोस. तात्या ओव्या गायचे, ते तुला नीट आठवत नसेल, तू लहान होतास. देवाच्या ओव्या ते कुठंही गात. पण जित्या माणसाच्या घरची हकीकत ओवीत घ्यायची झाली, तर आधी त्याच्या दारात जाऊन त्याच्या तळहातावर भंडारा ठेवायचे आणि विचारायचे. त्यानं तो कपाळाला लावला तर गायचे. जमिनीवर झटकला तर ती ओवी तिथंच संपली. अंथुर्ण्याच्या एका बाईनं असा झटकला होता. माझ्या ऐकण्यात तात्यांची तेवढी गोड ओवी दुसरी नव्हती. ती आम्ही दोघांनीच ऐकली, तात्यांनी आणि मी. पुढं ती त्यांच्याबरोबरच गेली. तात्या माणूस म्हणून तापट होते, हात सैल होता, ते मी झाकत नाही. पण गाण्यात त्यांनी कुणाचं लुबाडलं नाही.

तू नकोशीच्या हातावर काय ठेवलंस?

अकलूजच्या बाईंची मोलकरीण सुखी झाली, चांगलं झालं. पण तिच्या सुखासाठी आपल्या बहिणीनं सुनेचं ऐकायचं आणि आईच्या समोर मान खाली घालून बसायचं, हा हिशेब कुठल्या धर्मात बसतो? तू धर्म शब्द वापरलास, म्हणून विचारतो.

नकोशीला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ती नुसतं म्हणाली, पोरीला बोलवा, मला माझं पत्र लिवायचंय.

रामहरी

शेळगाव
३ डिसेंबर १९९५

हिंद्यास नकोशी अक्काचा आशीर्वाद.

मी बोलतीया तसंच लिही, असं मी प्रतिक्षाला सांगितलंय. सुधरून लिवू नगंस म्हणलंय.

तुझी गोष्ट मी दोनदा वाचून घेतली. चांगली लिवलीस. पयल्यांदा ऐकताना मला रडू आलं. त्या पोरीची लई कीव आली. मंग ध्यानात आलं की ती मीच हाय, आन् मंग माझं रडू थांबलं.

मी झोपले न्हवते, हिंद्या.

मी घागर घिऊन हिरीवर गेले हुते. जाताना तुला सांगितलं हुतं, कळपाकडं बघ. तू व्हय म्हणलास. तू बाभळीखाली बसून पुस्तक वाचत हुतास. गुर्जींनी दिल्यालं, लाल कव्हराचं. मी परत आले तवा मेंढरं ज्वारीत पडल्याली, आन् तू तसाच वाचतुयास. मीच ते पुस्तक तुझ्या हातातनं काढून पदराखाली घातलं. तात्यांना कळलं असतं तर तुझी शाळा त्याच दिवशी बंद झाली आस्ती. म्हणून मी म्हणलं, माझा डोळा लागला. रामहरी आबा त्या दिशी बारामतीच्या बाजारात हुता. त्याला कायबी ठावं न्हवतं. कुणालाच ठावं न्हवतं. फकस्त तुला आन् मला.

त्याचं मला कवा वाईट वाटलं न्हाय. मार खाल्ला, दोन पोरांच्या बापाला दिली, तवाबी न्हाय. तू मास्तर झालास तवा मी कन्हेरीत साखर वाटली. मनात म्हणायची, ती एकतीस मेंढरं वाया गेली न्हाईत.

पर तू ठावं असून लिवलंस. आबा म्हणतो तू मला इचारलं न्हाईस. माझं तसं न्हाय. इचारलं असतंस तर कदाचित लिव म्हणाले बी असते. माझा राग येगळा हाय. तुझ्या गोष्टीतल्या पोरीला शेवटी समदी माफ करत्यात. मी कायबी केलंच न्हाय, तर मला माफी कशाची देतुयास? आन् तू कोण देणारा?

पोरगी लिवता लिवता रडतीया. बास करते. मनिषाला जप.

नकोशी

बारामती
१८ डिसेंबर १९९५

ती. अक्का आणि ती. आबा यांस,
हिंदुरावचा नमस्कार.

आठवत नव्हतं असं लिहून सुटता आलं असतं. पण आठवत होतं. रोज आठवतं.

ती गोष्ट मी आधी खरी तशीच लिहायला घेतली होती, पुस्तक वाचणाऱ्या मुलाची. चार वेळा. दर वेळी दुसऱ्या पानावर तो मुलगा मला सहन होईना. तो ना निरागस होता ना दुष्ट. त्याला फक्त पुढच्या पानावर काय आहे ते हवं होतं, आणि मेंढरांचा आवाज त्याला ऐकू येत होता. होय अक्का, ऐकू येत होता. मग एके दिवशी मी मुलीला झोपवलं आणि गोष्ट एका बैठकीत झाली. भाषा आपोआप गोड झाली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मनिषाला सगळं सांगितलं. 

७ तारखेला तुम्ही दोघं या. मी तिथं सर्वांसमोर खरं सांगेन. हे मी अक्काला देणं लागतो. एवढी संधी द्या.

हिंदुराव

शेळगाव
९ जानेवारी १९९६

हिंदुराव,

आम्ही आलो होतो हे तू पाहिलंस. नकोशी लग्नातलं लुगडं नेसली होती. शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो होतो.

तू बोललास, त्यात खोट नव्हती. मुलगी झोपली नव्हती, मुलगा जागा होता आणि तो मुलगा मी, असं तू स्पष्ट म्हणालास.  मला वाटलं, सुटलो. मग एक टाळी वाजली, आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. काही जण उभे राहिले. अध्यक्षांनी तुला मिठी मारली आणि लेखकानं इतकं निर्भय असावं असं म्हणाले. शेजारचा माणूस डोळे पुसत मला म्हणाला, काय पोटातून बोलले. त्याला ठाऊक नव्हतं की माझ्या पलीकडं नकोशी बसली आहे. तिच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही. तूसुद्धा त्या वेळी अध्यक्षांच्या गळ्यात होतास.

ती उठून बाहेर गेली.  गाडीत बसल्यावर म्हणाली, आबा, मी झाकल्यालं तेवढंच माझं हुतं, त्यानं तेबी नेलं.

मला राग आला आहे, आणि तो एकट्या तुझ्यावर नाही. त्या दिवशी बाजारातून आल्यावर तात्यांचा मार कमी पडला म्हणून मीही तिला चाबकानं मारलं होतं. ते तुझ्या गोष्टीत नाही, कारण तू तेव्हा घरामागं लपला होतास. कन्हेरीचं बिजवराचं स्थळही मीच आणलं. काल सकाळी ती जात्यापाशी बसली होती, तेव्हा मी तिच्यासमोर खाली बसलो आणि हे सगळं माझ्या तोंडानं बोललो. पंधरा दिवस बिरोबाला जाऊन जे जमलं नाही, ते जात्यापाशी कसंबसं जमलं. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. टाळी वाजवायला तिथं कुणी नव्हतं.

नंतर मी आईला खरं सांगितलं. तिनं मला वेड्यात काढलं. म्हणाली, बहिणीला वाचवाया काहीबी सांगतुयास. हिंदुरावानं छापलंय, छापल्यालं खोटं कसं आसंल? मी परत परत सांगितलं. ती कूस बदलून भिंतीकडं तोंड करून पडली. तिचं वय आता बाहत्तर आहे. नकोशी अजून इथंच आहे. दोघी एका घरात जेवतात, पण एकमेकींच्या ताटाला हात लावत नाहीत.

तुझ्या अक्षरांवर आईनं विश्वास ठेवला आहे, म्हणून तुलाच यावं लागेल. अंक आणू नकोस, बक्षीस आणू नकोस, लिहून काही आणू नकोस. भाषण जुळवू नकोस. आईच्या खाटेपाशी खाली बस आणि सांग की मेंढरांचा आवाज तुला ऐकू येत होता. मग जे काय होईल ते सोस. तिनं तुला घराबाहेर काढलं तर मी आडवा येणार नाही.

रविवारी ये. मी नकोशीला रविवारपर्यंत थांबवून ठेवतो. त्यानंतर ती कन्हेरीला रतनच्या दारात परत जाईल, आणि मग तिला बोलवायला मला तोंड नसेल.

कागद संपला. शेवटी आशीर्वाद लिहायला हात गेला होता, तो मागं घेतला आहे. आईशी बोलून झालं की समक्ष घेऊन जा.

रामहरी