फ्लेक्सवरचे चोवीस

टोकावडे, शनिवार

तीर्थस्वरूप भाऊजी यांस साईनाथचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भात झोडून झाले का? इकडे मी सोडून सर्वांची प्रकृती ठीक आहे. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी ताई, म्हणून पत्र.

माझ्या पन्नाशीचा फ्लेक्स तुम्ही पाहिलाच आहे. ढाब्यावर गडी सतरा. मुरबाडचा फ्लेक्सवाला म्हणाला, आठ-आठ फोटोंच्या तीन रांगा भरल्या की शोभा येते. (रिकाम्या चौकटी पाहून समोरचा ढाबेवाला हसला असता, हाही मुद्दा होताच.) म्हणून उरलेल्या सात जागी नातेवाईक बसवले. तिसऱ्या रांगेत स्वयंपाक्याच्या टोपीत तुम्ही आहात. टोपी कॉम्प्युटरवर घातली आहे, पण शोभते. खाली मजकूर : ‘शुभेच्छुक – समस्त कर्मचारी वृंद’.

गुरुवारी एक साहेब चहाला थांबले. पहिल्या चहाला त्यांनी फ्लेक्सवरची डोकी मोजली आणि दुसऱ्या चहाला आपण प्रॉव्हिडंट फंडाचे अधिकारी असल्याचे सांगितले. वीस किंवा जास्त माणसे कामाला असली की धंदा त्या कायद्याखाली येतो आणि मालकाला प्रत्येकामागे दरमहा पदरचे भरावे लागते. मी म्हणालो, साहेब, यातले सात शोभेचे आहेत. ते म्हणाले, मंगळवारी येतो, पुरावा ठेवा. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

आपला, साईनाथ

ता. क. : तरी ‘सदर ढाब्यावर मी आजवर कसलेही काम केलेले नाही’ असे स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावे. यात खोटे काहीच नाही. ताईला दाखवू नये.

ता. क. दुसरा : पत्र टाकायचे राहिले आणि मंगळवार उजाडला. साहेबांनी तुमचा फोटो गड्यांना दाखवला. सगळे एकमुखाने म्हणाले, हे फक्त जेवतात. सातही जण असेच सुटले. सतरा मान्य! मी आनंदाने साहेबांना जेवायला बसवले. भाकरी मोडताना त्यांनी विचारले, ही कोण भाजते? आत चुलीपाशी सकुबाई होती, भाजी चिरायला गोजाबाई, भांड्यांना लहानीबाई. त्यांना मोजायचे असते हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी म्हणालो, त्या घरच्याच आहेत, साहेब.

सकुबाई हात पुसत बाहेर आली. “घरच्या? चौदा वर्सं झाली, शेटच्या घराचा उंबरा नाय बघला आमी.”

साहेबांनी वीस लिहिले. लाज वाटली, भाऊजी. स्टॅम्प पेपर आता नको. रविवारी ताईला घेऊन घरी जेवायला या. त्या तिघींनाही बोलावले आहे. सकुबाई म्हणाली, “येते की. पन तो दिवस हजेरीत धरनार का, ते आधी सांगा.”