रामदास चाळीचा पत्ता

अहो घरधनी,

पाया पडते. बोलणं माझं, अक्षर आपल्या विनिताचं. इथे नाशकात लेक-जावई जपतात, गुडघाही बरा आहे. माझी काळजी करू नका.

भिवंडीत आपल्या चाळीत अजून कोण उरलंय? वरच्या चंपानेही खोली सोडली म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा मागे भातशेती होती. मग खाली लूम आले, त्या खडखडाटात भांडायचं तर ओरडावं लागायचं. आता लूम भंगारात गेले, तरी तुम्हाला माझं ऐकू येत नाही. महिनाअखेरीस चाळ पाडणार आहेत, निघून या. येणार नाही, ठाऊक आहे. उचलून बाहेर काढतील तेव्हा निदान धोतर नीट नेसलेलं असू द्या.

बीपीची गोळी घेता ना?

पाकिटावरचा पत्ता सांगताना अडले. सासऱ्यांनी चाळीला तुमचंच नाव दिलं, म्हणून साठ वर्षं मी नुसतं ‘आपली चाळ’ म्हणत आले. आज पहिल्यांदा म्हटलं, रामदास चाळ.

विनिता हसली, “आजी, आजोबांचं नाव घेतलंस.”

मी म्हटलं, “चाळीचं घेतलं गं. पुढच्या महिन्यात घ्यायला उरणार नाही.”

तुमची,
जिचं नाव तुम्हीही कधी घेतलं नाही, ती