बिनआवाजाच्या गाड्या आणि भिवाजीकाकांचा माळ

९ नोव्हेंबर, रविवार

हंगामाचा पहिला रविवार. विजेवरच्या मोटरसायकली चालवून बघायला सात जण आले, आणि जवळजवळ सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला — हिला आवाज का नाही? जणू मी तो काढून कपाटात ठेवलाय!

दुसरा प्रश्न नंबर प्लेटचा. ही गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, दगडधोंड्यांत आणि चढउतारांवरच चालवायची, असं सांगितलं की माणसाचा चेहरा पडतो. खोपोलीचे एक बँकवाले म्हणाले, एवढी महागाची वस्तू, आणि हिच्यावरून कोपऱ्यावर दूध आणायलाही जाता येत नाही? मग त्यांना सरळ गाडीवरच बसवलं. माळाला दोन फेऱ्या मारून उतरले तेव्हा हेल्मेट हातात घेऊन नुसते हसत होते. म्हणाले, चालवताना पक्षी ऐकू येत होते हो! विकत मात्र घेणार नाहीत. सगळे असेच. कौतुक करतात, पोहे खातात आणि घरी जातात.

तरी आजचा दिवस छान गेला. कडावपर्यंत भातं कापून झालीत, हवेला पेंढ्याचा वास आहे, चारही गाड्या कुरकुर न करता पळाल्या. अजून काय पाहिजे?

१४ नोव्हेंबर

अजून काय पाहिजे असं लिहू नये कधी.

मी गाड्या चालवते तो माळ भिवाजीकाकांचा. त्यांचा मुलगा मनोज खालापूरला कंपनीत आहे. तिथल्या ओळखीतून कोणी फार्महाऊसवाले आलेत, त्यांना आख्खा माळ हवाय. प्लॉट पाडणार. काकांनी मला हे बशीतला चहा फुंकत सांगितलं. तुम्ही काय म्हणालात, विचारलं, तर म्हणाले, शिमगा होऊ दे, मग बघू.

आमच्यात कागद नाही. दरवर्षी दसऱ्याला काका शेडजवळ नारळ फोडतात आणि म्हणतात, चालव पाऊस येईस्तवर. एवढाच आमचा करार. माळ विकला गेला तर चार गाड्या घेऊन जाऊ कुठे? जंगलात परवानगी नाही. माथेरानवर तर वाहनच चालत नाही, तिथे घोड्यांचं राज्य. आणि कर्जतच्या आसपास मोकळी जागा दिसली की तिच्यावर आधीच ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी.

सौमित्र म्हणतो, दुसरी जागा बघ. नवरा सरकारी नोकरीतला, त्याला जागा सोडणं म्हणजे बदली वाटते.

२१ डिसेंबर, रविवार

भिवाजीकाकांच्या घरच्या बायजाकाकू आज भडकल्या. गाय धारेला उभी राहीना, लाथ मारून चरवी सांडली. कारण आमचं एक गिऱ्हाईक गाडीवरून गोठ्यामागून गुपचूप निघून गेलं.

म्हणाल्या, “ती पेट्रोलची फटफटी बरी व्हती गं. डोंगराआडनं कळायचं, आली बया. ही अंगावर येस्तवर कळत नाय. जनावरानं करायचं काय?”

मी सगळ्यांना सांगत फिरते की आवाज नाही हाच हिचा गुण. काकूंनी एका वाक्यात त्याचा दोष केला. आणि खोटं काय बोलल्या?

२४ डिसेंबर

काकांनी तोड काढली. घराच्या माळ्यावरून एक जुनी पितळी घंटा आणली आणि सुंभाने गाडीच्या हँडलला बांधली. इतकी साधी गोष्ट मला कशी सुचली नाही! टण् टण् करत गाडी गोठ्यासमोरून गेली, बांधलेल्या गायींनी मान वर करून बघितलं आणि परत रवंथ सुरू. काकू खूश, मी खूश. हिशेब मिटला म्हणून घरी आले आणि शिरा केला.

२८ डिसेंबर, रविवार

लिहिताना हसू येतंय, पण दुपारी रडायचीच बाकी होते.

पनवेलचे एक दातांचे डॉक्टर घंटेच्या गाडीवर होते. डोंगराच्या पायथ्याशी काकांची गुरं चरत होती. डॉक्टर त्यांच्या बाजूने गेले आणि सगळी गुरं चरणं सोडून गाडीमागे निघाली. डॉक्टरांनी वळून बघितलं. घाबरून वेग वाढवला. गुरं पळायला लागली! डॉक्टर माळ सोडून बांधावरून खाली, गुरं त्यांच्या मागे, आणि सगळी वरात थेट चांगोदादांच्या वालाच्या शेतात. शेंगा भरत आलेल्या. दादा शेजारी आहेत, रोज ‘काय आसावरीताई’ म्हणून हाक मारणारे. आज हाकसुद्धा नाही.

नंतर उलगडा झाला. ती घंटा मोरीच्या गळ्यातली. मोरी म्हणजे काकांची म्हातारी गाय, आख्खा कळप तिच्या मागे चालायचा. गेल्या वर्षी ती गेली. काकांना वाटलं, घंटा ती घंटा. गुरांना वाटलं, मोरी आली.

२९ डिसेंबर

चांगोदादा अजून बोलत नाहीत. बोलतील कशाला?

११ जानेवारी, रविवार

बोलले. वर अट घातली — उरलेल्या शेंगांची पोपटी लावू, अंडी तुमची, आणि त्या डॉक्टरला बोलवा. डॉक्टर आले! मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कांदे. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. सगळ्यांची तोंडं काळी होईपर्यंत खाल्लं. डॉक्टरांनी दादांची दाढ तिथेच विजेरीने बघितली, म्हणजे त्यांच्यापुरती फिटंफाट.

निघताना काकांची सून छाया माझ्या मागे आली. हिचा आवाज मी फारसा ऐकलेला नाही. मनोजसमोर तर नाहीच. म्हणाली, “ताई, मोरी गेल्यापासनं गुरं सांजची खाली येत नायत. मी रोज हाका मारत डोंगर हिंडते. ती गाडी मला शिकवा.”

१३ जानेवारी

शिकली! आयुष्यात फक्त सायकल चालवलेली बाई. क्लच नाही, गिअर नाही, किक नाही, मग भीती उरते कुठे? साडीचा काष्टा मारला, माझं हेल्मेट घातलं, दोनदा आपटली, तिसऱ्यांदा चढ चढून गेली. संध्याकाळी घंटा वाजवत खाली आली आणि गुरं मागोमाग, शिस्तीत. बायजाकाकू दारात उभ्या. आज त्यांच्या चहात साखर दुप्पट होती.

इतकी वर्षं मी ही गाडी शौकिनांना विकायला बघतेय. खरं गिऱ्हाईक गोठ्यात होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

आता आठवड्याला पाच-सहा बायका शिकायला येतात. दोन कडावच्या, एक तर नेरळहून. शिकवते छाया. मी ‘थ्रॉटलची मूठ फिरवायची’ म्हणते, ती म्हणते, ‘कान पिळायचा, पण आपल्या पोराचा, हळू.’ माझ्यापेक्षा तिचंच लवकर कळतं. मनाला थोडं लागलं, लिहून टाकते.

वीज काल दिवसभर नव्हती. चार्जिंग नाही, म्हणून आज अर्ध्या लोकांना परत पाठवलं. हेही आहेच. मनोज मात्र फुरंगटलेला. कंपनीत त्याला विचारतात म्हणे, बायको मोटरसायकलवर गुरं वळते का रं तुझी?

२२ फेब्रुवारी

फार्महाऊसवाले आले होते. फीत लावून माळ मोजला, कोपऱ्यांवर चुना टाकला. मनोज त्यांच्याबरोबर. काका बांधावर बसून बघत होते, तोंडात मिश्री, म्हणजे विचारायची सोयच नाही.

हा माळ गेला तर मला फार वाईट वाटेल. धंद्यासाठी नाही फक्त. इथे मी खूश असते, इतकं साधं आहे ते.

२ मार्च

होळी. काकांनी पाया पडून घेतलं, पुरणपोळी दिली, माळाचं नाव काढलं नाही. निघताना म्हणाले, परवा ये. घरात बोलणं चालू हाय.

घरात म्हणजे आतून बायजाकाकूंचा चढलेला आवाज येत होता. मनोजचा नाही.

४ मार्च

माळ विकत नाहीत, बायजाकाकू अडून बसल्या. पण मलाही देत नाहीत! काकांनी सरळ सांगितलं, आता माळ छायाच्या ताब्यात, काय ते तिच्याशी बोल. मनोजनेच पाण्याचा तांब्या आणून दिला.

छाया म्हणाली, “गाड्या तुमच्या, माळ माजा. निम्मंनिम्मं. आन् ताई, रविवारी वेळेवर यायचं.”

मी हो म्हणाले. कर्जत येईपर्यंत लक्षातच आलं नाही की आज मला नोकरी लागली.