अनुसूया काकूंना ऑनलाइन वर्गात परत घेण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य मार्तंड पुराणिक,
बेतवातीर समाजकार्य महाविद्यालय, झाशी.

विषय : ऑनलाइन सहाध्ययनात "सांस्कृतिक फरक न आढळल्यामुळे" मला नापास केल्याबाबत.
संदर्भ : समन्वयक मधुसूदन सरांची तोंडी सूचना, "फरक शोधा, मग भेटा."

महोदय,

१. मी एम.एस.डब्ल्यू. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. माझे हिंदीतले अर्ज कार्यालयातच अडकले. "मराठीत लिही. बाबूंना वाचता येणार नाही, म्हणजे थेट मराठी साहेबांकडे जाईल," असे शेजारच्या अनुसूया काकूंनी सुचवले. माझे मराठी घरगुती आहे; सांभाळून घ्यावे.

२. परदेशी विद्यार्थ्यांसोबत एकमेकांकडून शिकण्याच्या उपक्रमात माझी जोडी फिनलंडच्या हेल्मीशी लागली. पहिल्या भेटीला सरांच्या आदेशानुसार मी लहंगा घालून, हातात आरतीचे ताट घेऊन कॅमेऱ्यासमोर बसले. हेल्मी साध्या स्वेटरमध्ये होती. तिने संकोचून विचारले, "तुझ्याकडे आज लग्न आहे का? मी नंतर फोन करू?"

३. पुढे मी तिला काकूंविषयी सांगितले. काका गेल्यापासून काकू घराबाहेर पडल्या नव्हत्या. मी अभ्यासक्रमाप्रमाणे रोज समुपदेशनास जात असे व त्या रोज दार लावून घेत. हेल्मी म्हणाली, "माझी आजीही अशीच आहे. मी नुसती तिच्याजवळ बसते." मीही तसेच केले. शेवटी काकूच वैतागून म्हणाल्या, "अगं, नुसती काय बसलीस? चहा तरी टाक!"

४. मग इकडे काकू व तिकडे हेल्मीची आजी मोबाइलसमोर बसू लागल्या. एकीला फिनिश येत नाही, दुसरीला मराठी. दोघी विणकाम दाखवत, टाका चुकला की एकमेकींना रागावत व पोट धरून हसत. आम्ही भाषांतर करणे सोडून दिले.

५. अशातच सर तपासणीस आले व "अनधिकृत वृद्ध" असा शेरा मारून त्यांनी दोघींना बैठकीतून काढले. आम्ही अहवालात "एकटेपण दोन्हीकडे सारखेच" असे लिहिल्याने फरकाचे गुण शून्य झाले. हेल्मीला निदान एक सांस्कृतिक धक्का द्यावा, असे सरांनी सांगितले. मी तिला मोबाइलवरून चिरगावच्या बसमधली गर्दी दाखवली. तिला ती फार आवडली.

६. सबब, मला नापासच ठेवले तरी चालेल. परंतु काकू व हेल्मीची आजी या दोघींना वर्गात परत घ्यावे.

७. "अर्ज मीच नेऊन देणार," असे म्हणत काकू चपला घालून दारात उभ्या आहेत व मला घाई करीत आहेत. त्यामुळे येथेच आवरते.

गुणांची आशा सोडलेली आपली विद्यार्थिनी,
ईशानी

झाशी, १२ फेब्रुवारी २०२५