प्रोसेसर आणि आळ यांची वाटणी

मी, शेवटी सही करणारा, वय सव्वीस, धंदा एक असा नाही, माझ्यामागे काय कुणाला जावं ते लिहून ठेवतो. अशा कागदात "शरीराने धडधाकट" लिहायची रीत आहे म्हणे. ते लिहिणार नाही. उद्या सकाळी माझी कवटी उघडणार आहेत, आत गाठ आहे. पण गाठ एका अंगाला आणि अक्कल दुसऱ्या अंगाला, असं डॉक्टरच म्हणाले, तेव्हा मन ठिकाणावर आहे. कुणाची जबरदस्ती नाही. नशापाणी केलेलं नाही, या वॉर्डात चहासुद्धा मागून मिळत नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मागे ठेवण्यासारखं काही जमलंच नव्हतं.

कलम १. घर नाही. लाँड्रीच्या वरची खोली भाड्याची आहे. तिथली गादी, शेगडी आणि सायकल लाँड्रीवाल्याला द्यावी. मागचा ब्रेक लागत नाही हे त्याला आधी सांगावं. एवढ्या दिवसांत त्याने मला एकदाही "पुढे काय करायचं ठरवलंयस?" असं विचारलं नाही. घरच्यांपैकी एकालाही हे जमलं नाही.

कलम २. बँकेत जे आहे ते हॉस्पिटल खाईल. खाऊन काही उरलं तर आईला. ती ते थोरल्याला देईल. मी अडवणार कोण, आणि अडवायला असणार कुठे.

कलम ३. हत्यारं. चुंबकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, धूळ उडवायचा ब्लोअर आणि एक मऊ ब्रश. ब्रश मी रंगाऱ्याच्या हाताखाली होतो तेव्हाचा. तिथून मालवाहू बोटीच्या भटारखान्यात कसा पोचलो ती निराळीच गोष्ट आहे. त्या बोटीवरचा आचारी मोठा तिरसट माणूस, रोज सकाळी समुद्राला शिव्या घालायचा आणि मग कांदे चिरायला बसायचा. असो. ही हत्यारं दादाच्या दुकानात आता माझ्या खुर्चीवर जो कुणी बसत असेल त्याला द्यावी. त्याला एवढंच सांगावं की प्रोसेसरवर लावायची पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. दादा भिंतीला गिलावा केल्यासारखी थापतो, ते बघून शिकू नये.

कलम ४. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. त्याचं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान आहे. मी शाळा अर्धवट टाकून, चार ठिकाणचं पाणी पिऊन त्याच्याकडे आलो आणि एका कामात माझं मन लागलं. माझं मन कशात लागणं ही आमच्या घरात बातमी होती.

ते काम असं. कारखाना प्रत्येक प्रोसेसरला वेग ठरवून देतो, आणि सांभाळून, जरा कमीच ठरवतो. त्याच्यावर वेग चढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. लोकांना वाटतं, आकडा वाढवला की झालं. तसं नसतं. एक पायरी चढवायची, मग मशीनला घाम फुटेपर्यंत राबवायचं, तापमान बघायचं, हिशेबात एक तरी चूक करतंय का ते बघायचं. अडखळलं तर व्होल्टेज चिमूटभर वाढवायचं. तरी अडखळलं तर मुकाट खाली उतरायचं. आणि जिथं टिकलं तिथंही थांबायचं नाही, आणखी एक पायरी खाली येऊन थांबायचं, कारण उन्हाळा यायचा असतो, पंख्यात धूळ साठायची असते. प्रत्येक प्रोसेसरची सोसायची ताकद वेगळी. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेले दोनसुद्धा सारखे नसतात.

घरं-इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसाने आमच्याकडे डझनभर मशीनं मागितली. ऑफिसातल्या एका नकाशेवाल्या बाईने दुकानात माझं काम पाहिलं होतं, तिनेच आमच्यासाठी शब्द टाकला. पहिलं मशीन मी सवडीने बसवलं. त्यातला प्रोसेसर असा निघाला की कमी व्होल्टेजवर भलता पळायचा आणि तापायचाही नाही. असा शेकड्यात एखादा भेटतो. दुसऱ्याला हात घालणार तोच दादाने पहिल्याच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि तेच आकडे उरलेल्या सगळ्यांत भरायला बसला.

"दादा, याचे आकडे त्यांना लागत नाहीत."

"का नाही लागत? एकाच खोक्यातून आलेत, सगळ्यांवर एकच नंबर छापलाय."

"आपण दोघंही एकाच घरातून आलोय."

"म्हणून तर एकजण दुकान चालवतो आणि एकजण उंडारतो."

वहिनी बिलावरून मान न उचलता म्हणाली, "घ्या भावोजी, मिळालं उत्तर."

"निदान एक दिवस तरी राबवून बघू."

"गाडी बाहेर उभी आहे. चालू झालं ना? मग झालं!"

चालू तर सगळीच झाली. पहिलं मशीन तेवढं दादाने मागे ठेवून घेतलं, गिऱ्हाइकांना दाखवायला. त्याच्या जागी दुसरं भरलं.

कलम ५. पुढं काय झालं ते मी इथं शपथेवर लिहितो. उकाडा सुरू झाला आणि ऑफिसातली मशीनं एकामागून एक गोठायला लागली. नकाशेवाली एका शाळेच्या इमारतीचे नकाशे काढत होती. फाइल साठवताना मशीन गोठलं, फाइल अर्धीच लिहिली गेली, आणि तिची प्रत ज्या मशीनवर होती तेही त्याच आठवड्यात तसंच बसलं. काम हातचं गेलं. ऑफिसचे मालक तिला घेऊन दुकानात आले. दादाने सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "हे याचे उद्योग. मी नको म्हणत होतो. आता सख्खा भाऊ, काय करणार?"

मी तोंड उघडलं. आई डबा घेऊन आली होती, तिने माझं मनगट घट्ट धरलं. "गप्प बस. त्याचं दुकान आहे, संसार आहे, चार माणसांत नाव आहे. तुझं काय जातंय? तू उद्या दुसऱ्या गावाला जाशील."

नकाशेवाली फक्त म्हणाली, "तुझ्या भरवशावर मी शब्द टाकला होता रे." तिची नोकरी गेली हे मला नंतर कळलं. बाजारात माझं नाव "भट्टी" पडलं. आजही कुणाचं मशीन तापलं की विचारतात, भट्टीचा हात लागला होता का? आईचं म्हणणं खरं ठरलं, मी दुसऱ्या गावाला गेलो, परत या गावात आलो तो या हॉस्पिटलपुरता. जाताना दादाने पगाराऐवजी ते पहिलं मशीन माझ्या अंगावर घातलं. तेव्हापासून आजवर ते एकदाही गोठलेलं नाही.

तर मी लिहून ठेवतो की ते आकडे दादाने भरले, मी अडवलं होतं, आणि आईला हे ठाऊक आहे.

कलम ६. काल दादा भेटायला आला. जरा सरक, बसू दे, असं म्हणाला. मग म्हणाला, "ते मशीन खोलीवरच आहे ना? किल्ली कुणाकडे असते?" कुठल्या डॉक्टरच्या हातात माझं डोकं आहे ते त्याने त्यानंतर विचारलं. म्हणून सांगतो, मशीन प्रोसेसरसकट नकाशेवालीला जावं. तिलाच निरोप धाडून तिचा पूर्ण पत्ता मागवला आहे, आला की इथं भरेन.

पत्ता आला नाही. ती स्वतःच आली. आत्ता दुपारी घडलं ते लिहिल्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत, म्हणून लिहितो.

"पत्ता कशाला हवाय तुला? आणखी काय बिघडवायचं राहिलंय?"

शेजारच्या खाटेवर सलूनवाले काका आहेत, पाय टांगलेला. ते म्हणाले, "बाई, पोराचं उद्या ऑपरेशन आहे, जरा हळू."

"माझं काम गेलं तेव्हा कुणी हळू बोललं नव्हतं, काका."

मी कागद तिच्या हातात दिले. तिने उभ्यानेच वाचले. कलम ५ दोनदा वाचलं.

"हे खरं आहे?"

"उद्याचा भरवसा नाही. आज खोटं लिहून काय मिळवू?"

"आणि हे मी कधी वाचणार होते?"

"कागदच तसला आहे. मी गेल्यावर."

"नाही गेलास तर?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला, तिने ते दिले नाहीत. काका स्वतःच्या टांगलेल्या पायाकडे बघत राहिले.

"म्हणजे मी तुझ्या मरणाची वाट बघायची," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या मते तुला नाव नव्हतं. मला होतं रे. साक्षीदार कोण आहेत?"

"एक मी," काका म्हणाले. "दुसरी साक्ष या वॉर्डातल्या सिस्टर देणार. पण तुम्ही नाही हं करायची. ज्याच्या पदरात पडायचंय त्याने साक्ष द्यायची नसते, दिली तर मिळणं रद्द. आमच्या चुलत्याचं घर असंच अडकलं."

"मग रद्द. मला मशीन नको. कुठे करू सही?"

"बाई, मशीन चांगलं आहे हो, म्हणतो तो..."

"चांगलं असेल. मी त्याच्यावर काम करू शकणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिहून झालं की याची एक प्रत मला दे. संध्याकाळी दुकानात वाचून दाखवते. तिथून जुन्या ऑफिसात जाते."

"संध्याकाळी आई असते दुकानात."

"मग बरंच झालं."

ती खाटेजवळ उभी आहे, लिहून झालं की सही करून प्रत घेऊन जाईल. अजून गोड बोललेली नाही, बरा हो असंही म्हणालेली नाही.

कलम ७. कलम ६ मधलं देणं रद्द. मशीन दादाला जावं. किल्ली लाँड्रीवाल्याकडे आहे. त्यातले आकडे दादाने खुशाल उतरवून घ्यावे. दुसऱ्या कुठल्याच मशीनला ते लागणार नाहीत.

कलम ८. मी जगलो तर हा सगळा कागद फाडून टाकावा. कलम ५ फाडू नये.

सही: थोरल्याचा धाकटा भाऊ, ऊर्फ भट्टी

साक्षीदार पहिले: सलूनवाले काका, शेजारची खाट. माझ्यासमोर लिहिलं, माझ्यासमोर सही केली. पोरगा शुद्धीवर आहे.

साक्षीदार दुसरी: नकाशे काढणारी. आधी वाचलं, मग सही केली. यातून काही घेत नाही.

ठिकाण: हॉस्पिटल, दुसरा मजला, खिडकीकडची खाट.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भेटीची वेळ संपताना.