'मासे' असं लिहिलेला खडक

मी, येरको माराशिन, वय अठ्ठेचाळीस, राहणार सुहा लूका, सरकारी समुद्रमापन खात्यात बावीस वर्षे नकाशे काढणारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. फुप्फुसं संपली आहेत, डोकं शाबूत आहे. लिहिण्याआधी प्रार्थना केली. कोणी बळजबरी केलेली नाही.

१. माझं घर, द्राक्षमळा आणि होडी थोरली बहीण कै. लुत्से हिचे यजमान निकशा ग्रबिन यांना द्यावी. मळ्याची भिंत त्यांनी माझ्या दोन ऑलिव्हांपलीकडे सरकवली, ती आता तिथेच असू द्यावी. त्या भिंतीपायी सतरा वर्षं मी चर्चमध्ये त्यांच्या बाकावर बसलो नाही. चूक माझीही होती.

२. या देण्याला एक अट आहे, आणि तिच्यासाठीच हा कागद.

आमच्या खात्याचं वर्ष ठरलेलं असतं. वसंतात तळाची खोली, उन्हाळ्यात भरती-ओहोटीच्या नोंदी, शरदात पाण्याचा खारटपणा, हिवाळ्यात नकाशा. तीन वर्षांपूर्वी आमच्या सामुद्रधुनीत मोजणी करताना खोली टिपणाऱ्या यंत्राच्या कागदावर एकच रेघ सुईसारखी वर आली. मी कॉफीच्या दुकानात निकशांना विचारलं, "दाजी, मधोमध काय आहे?"

"मासे. समुद्रात दुसरं काय असतं? सरकारला म्हणावं, भूक लागली तर जाळं घेऊन ये."

सगळे हसले. मी कागदावर 'मासे' लिहिलं आणि ती खोली नकाशातून गाळली. नकाशा छापला, कागद नेहमीप्रमाणे रद्दीत गेला.

गेल्या नोव्हेंबरात लुत्से जाताना म्हणाली, "तिथे यांचा खडक आहे रे. सासऱ्यांनी यांना दाखवलेला. पाण्याखाली जेमतेम अडीच मीटर." किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून तो सापडतो, आणि त्या खुणा बाप फक्त मुलाला सांगतो. बायकोला नाही.

मी खात्याला सगळं कबूल करून कळवलं. लाँच आली, चार दिवस शोधलं, सापडला नाही. साहेब म्हणाले, "तेव्हा मासे, आता खडक. पुढच्या पत्रात काय, देवमासा?" गुरुवारी लाँच दक्षिणेच्या कामाला निघेल, परतेल ऑक्टोबरात. एक मेपासून नवी फेरीबोट दोनशे माणसं घेऊन माझ्या नकाशावरून जाणार आहे.

मी दाजींच्या दारात तीनदा गेलो.

"दाजी, माणसं मरतील."

"खूण सांगितली की उद्या अख्ख्या बेटाची जाळी तिथे. मग मी काय खाऊ, तुझा नकाशा?"

"बोट आपटली तर?"

"समुद्र काय तुझ्या अंगणाएवढा आहे? घरी जा, खोकतोयस."

३. गुरुवारच्या आत दाजींनी खडक दाखवला नाही, तर सारी मिळकत चर्चला द्यावी. माझ्या थडग्याचा दगड मोठा घ्यावा आणि त्या बोटीवर बुडणाऱ्यांची नावं माझ्या नावाखाली कोरावीत. लहान मुलांचीही.

४. खोली मोजायची, टोकाला शिसं बांधलेली दोरी माझ्याबरोबर पुरू नये. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मला तेवढी सवड नाही. म्हणून आमचे पाद्री डॉन फ्राने हे आजच दाजींना त्यांच्या ओट्यावर वाचून दाखवतील. देवाकडे मी आयुष्य वाढवून मागत नाही, फक्त बुधवार मागतो.

सुहा लूका, ईस्टरआधीचा मंगळवार, ९ एप्रिल १९७४.

येरको माराशिन

साक्षीदार:

१. डॉन फ्राने बोगदान. वाचून दाखवलं. ऐकणाऱ्याने पेन मागितलं.

२. निकशा ग्रबिन, मासेमार. साक्षीदाराला मिळकतीतलं काही मिळत नाही, असं डॉन फ्राने म्हणतात. म्हणून साक्षीदार झालो. घर तुझं तुलाच लखलाभ. चर्चचा क्रूस चुनाभट्टीच्या धुराड्यावर आला आणि पूर्वेचं टोक कड्याआड गेलं, की खाली खडक. उद्या सकाळी लाँचवाल्यांना घेऊन जातो. तूही चल. शाल घे.