रत्नकमलची सत्तेचाळीस मिनिटं

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार. वाशी ऑफिस.
देव आहे. एका शेटजींच्या पाच पंचतारांकित हॉटेलांची कार्यक्षमता मोजून क्रमवारी लावायचं काम आमच्या कंपनीला मिळालं. राजेश्वरी मॅडमनी चार हॉटेलं निखिलला दिली, पाचवं मला. रत्नकमल! हाउसकीपिंग मॅनेजर अजून जयप्रकाशच. शेवटून पहिला येईल त्याची खुर्ची जाणार, असं शेटजी म्हणालेत. मी प्रोबेशनवर. हा रिपोर्ट जमला की पर्मनंट.

संध्याकाळी, नेरूळ.
मनात सूडबीड अजिबात नाही. फक्त नोंद म्हणून लिहितो. १९९४ साली मी तिथे सुपरवायझर होतो. जयप्रकाशने खोली नंबर ४१२ च्या दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं, सगळ्या स्टाफला दाखवलं आणि म्हणाला, अरविंदराव, एवढ्या मातीत मेथी येईल. त्यानंतर लिफ्टमनसुद्धा मला मेथीसाहेब म्हणायचा. मी राजीनामा दिला. विषय संपला. कधीच विसरलो. १९ ऑगस्ट, सकाळी ११.२०.

४ नोव्हेंबर
ऑफिसने स्टॉपवॉच दिलं. घरी सराव. मीनाने पलंग ४ मिनिटं १० सेकंदांत आवरला. त्यातले अठरा सेकंद उशी ठोकण्यात वाया गेले, हे तिच्या लक्षात आणून दिलं. म्हणाली, उशीच ठोकली, उपकार माना.

६ नोव्हेंबर
रत्नकमल. जयप्रकाशने स्वतः चहा मागवला. जुनी माणसं आली की बरं वाटतं, म्हणाला. मेथीचा विषय काढला नाही. घाबरलाय. चहा मुद्दाम अर्धा ठेवला.
नंतर खोल्या आवरणाऱ्या, करावे गावच्या सगुणाबाईंची एक खोली मोजली. बेड, बाथरूम, धूळ, सगळं धरून ३२ मिनिटं. चिंताजनक. निखिलची हॉटेलंही तीस ते चौतीसमध्येच आहेत. असं चालणार नाही.

७ नोव्हेंबर
उपाय सापडला. माप घेताना जवळ उभं राहायचं. अगदी जवळ. आज पलंग आणि भिंत यांच्यामध्ये उभा राहिलो. सगुणाबाई म्हणाल्या, सायेब, सरकताव का चादर तुमच्याभवतीच लावू? ३९ मिनिटं. प्रगती.

१० नोव्हेंबर
आज गप्पाही मारल्या. शास्त्रात याला मुलाखत म्हणतात. मुलं किती, जत्रा कधी, कोलंबी कशी मिळते. कोलंबीवर बाई सहा मिनिटं बोलल्या. ४७! पुढचे दोन दिवस हाच आकडा टिकवायचा.
जाताना बाई म्हणाल्या, तुमी गेलाव का मी पलतंय सायेब, पंधरा खोल्या संपवायच्या हाईत, संपवल्याबिगर कोन सोरतं? कष्टाळू बाई आहे. तिच्यावर आपला काही राग नाही.

१२ नोव्हेंबर
दहा तारखेपासून वीस खोल्या मोजून झाल्या. सरासरी ४७ मिनिटं. एक बाई रोज १५ खोल्या करते, हेही रजिस्टरवरून उतरवलं. एकही आकडा सोडला नाही.
जेवताना मीनाला वाचून दाखवलं. तिने वाढता वाढता विचारलं, खोलीला पाऊण तास आणि खोल्या पंधरा, मग ती बाई घरी कधी जाते? तिला सांगितलं, बेंचमार्किंग हा शास्त्रीय विषय आहे. म्हणाली, पाढे पण शास्त्रीयच असतात.
दुर्लक्ष.

१५ नोव्हेंबर
नवा सफारी शिवून आला. मार्केटमधून पाव किलो मेथीदाणे घेतले. निकाल लागला की जयप्रकाशच्या हातात पुडी ठेवायची आणि म्हणायचं, आता वेळच वेळ आहे, पेरा. आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा छान जमलं. जाई दारात उभी होती. बाबा कोणाशी बोलतायत, असं तिने आईला विचारलं.

१७ नोव्हेंबर
शेटजी, पाच मॅनेजर, मॅडम. पुडी खिशात. मॅडमनी कंप्यूटरमध्ये आकडे टाकले. एका खोलीला ४७ मिनिटं, खोल्या १५, म्हणजे ७०५ मिनिटांचं काम. ड्यूटी ४८० मिनिटांची. रत्नकमलची कार्यक्षमता १४७ टक्के. बाकीची चार हॉटेलं ऐंशी-नव्वदच्या घरात.
रत्नकमल पहिलं.
शेटजींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत होते.
मग जयप्रकाश उठला. म्हणाला, शेटजी, आमच्या बाया आहेत, इंजिनं नाहीत. शंभराच्या वर माणूस जात नाही. पुन्हा मोजा.
याला दुसऱ्याचं यशही बघवत नाही, आणि स्वतःचंही.

२० नोव्हेंबर
निखिलने पुन्हा मोजलं. ३१ मिनिटं. ९७ टक्के. रत्नकमल तरीही पहिलं. जयप्रकाशकडे आता पाचही हॉटेलांचं हाउसकीपिंग. त्याने पहिलं काम काय केलं, तर कोणाची खुर्ची काढू नका म्हणून शेटजींना गळ घातली. ढोंगी.
माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. शिवाय कंपनीचा नियम आहे, ज्याचं माप चुकलं त्याने ते काम आठवडाभर स्वतः करून बघायचं. हा नियम आहे हे मला माहीत होतं. लागू होतो हे माहीत नव्हतं.
मीनाला सांगितलं, फील्ड ट्रेनिंग आहे. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार. रत्नकमल.
खोली नंबर ४१२. मुद्दाम दिली की योगायोग, विचारलं नाही. स्टॉपवॉच सगुणाबाईंच्या हातात. सफारी घातला ही चूक झाली. चादर खोचायला वाकलो आणि खिशातली पुडी फुटली. गालिचाभर मेथीदाणे. बाई म्हणाल्या, सायेब, हे काय पेरताव?
वेचण्यात अकरा मिनिटं गेली. एकूण ६८. बाथरूम धरलेलं नाही.
बाईंनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. बोट फडक्याला पुसलं, घड्याळ शून्यावर आणलं.
म्हणाल्या, चला सायेब, अजून चौदा हाईत.